पुढचे दात मिटत नाहीत (ओपन बाइट): रबर, स्क्रू की ऑपरेशन?

मांजराकाठ, लातूर
मुलगी 13 वर्षांची. दाढा घट्ट मिटल्या तरी पुढं 4 मिमी फट राहते. भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तुटत नाही, दाढेकडं न्यावा लागतो. एक डॉक्टर म्हणतात तारा आणि रबर, दुसरे म्हणतात स्क्रू, तिसरे म्हणतात 18 नंतर ऑपरेशन. कुणाचं ऐकावं?

तारजोड
फट दातांची आहे की जबड्याची, हे आधी ठरू द्या. त्यासाठी बाजूनं काढलेला एक्स-रे लागतो, लॅटरल सेफॅलोग्राम. तो न काढताच तारा लावायला निघाले तर सरळ उठून या.

जबड्याची ठेवण ठीक असून फक्त पुढचे दात कमी उतरले असतील तर ब्रेसेस आणि उभी रबरं, म्हणजे वरच्या-खालच्या दातांना जोडून ओढणारी, पुरतात. रबर दिवसातून 20 तास तरी हवं, रोज नवं. शाळेत लाज वाटते म्हणून नुसतं रात्री लावलं तर महिने वाया जातात.

दाढाच जास्त उतरल्या असतील तर रबरानं फट झाकते खरी, पण हसताना हिरडी दिसायला लागते आणि तारा निघाल्यावर फट परत येते. तिथं स्क्रू. 1.5 ते 2 मिमी जाडीचे, जागा बधिर करून हाडात बसवतात आणि त्यांच्या आधारानं वरच्या दाढा वर दाबतात. दाढ 1 मिमी वर गेली की खालचा जबडा बिजागरीसारखा फिरतो आणि पुढं साधारण 2 मिमी फट मिटते. त्याच वेळी खालच्या दाढा वर येऊ दिल्या तर कमावलेलं सगळं गेलं. स्क्रूभोवती अन्न साचून हिरडी सुजली की तो सैल होतो.

गोदाथडी
जिभेचं कुणी बघितलंय का? पाण्याचा घोट द्या, ओठ हलकेच बाजूला करा आणि गिळायला सांगा. जीभ फटीत घुसत असेल तर टंग क्रिब, म्हणजे जिभेला अडवणारी तारेची जाळी, आणि जिभेचे व्यायाम. सुरुवातीला ‘स’ बोबडा येतो, घाबरू नका. तोंड उघडं टाकून झोपत असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

बोअरच्या पाण्यानं दातांवर फ्लोराइडचे डाग असतील तर तेही सांगा, अशा दातांवरचे ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायला दातावर चिकटवलेले तुकडे, लवकर सुटतात.

मांजराकाठ, लातूर
अलाइनर, म्हणजे काढता-घालता येणारे पारदर्शक साचे, चालतील का?

तारजोड
फट दातांची असेल तर चालतील, पण 22 तास घालावे लागतात. जबड्याचा दोष मोठा असेल तर ऑपरेशनच, तेही वाढ थांबल्यावर. दुसरं मत हवं तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात एक्स-रे घेऊन जा. आणि तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर किती वर्षं लागेल, हे तारा लावायच्या आधीच विचारा.