अनुभव धागा : शब्द तोच, भाषा दुसरी

परवा धानोऱ्याकडे एका घरी बसलो होतो. चहाचं आधण ठेवलेलं, आणि म्हातारीनं आतल्या सुनेला हाळी दिली, "पाल!" मी दचकून आधी आढ्याकडे पाहिलं, मग पातेल्यात. सून दुधाचा गडवा घेऊन आली. गोंडीत पाल म्हणजे दूध.

तुमच्याकडचे असे शब्द येऊ द्या. हिंदी-मराठीचे किस्से नकोत, त्या बहिणीच आहेत.

धारणी, शिक्षक
नवीनच रुजू झालो होतो. पटनोंदणीला एक बाप पोराला घेऊन आला. मी अकोल्याकडचा, आमच्या तोंडात 'ण' बसत नाही. विचारलं, "हा कोन?" बाप खूश होऊन म्हणे, "कोन." म्हटलं गंमत करून राह्यला. "अरे, पन कोन?" त्यानं पोराला पुढं सारलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवला अन् जोरात, "कोन!" शेवटी शिपाई हसत आला. कोरकूत कोन म्हणजे मुलगा.
मग शोधत बसलो. कोरकू ही मुंडा गटातली, संथालीच्या नात्यातली. तिचं मोठं घराणं ऑस्ट्रो-आशियाई, त्यात व्हिएतनामीही येते, आणि तिकडंही लेकराला 'कॉन'च म्हणतात. म्हणजे मेळघाटातल्या शब्दाचा भाऊबंद हनोईत निघाला, अन् माझ्या 'कोन'शी त्याचं काहीच नातं नाही!

कुरखेडा तालुका
मी भंडाऱ्याची, लग्न होऊन इकडं आले. आशाचं काम नवीन होतं. आजी गुडघा दाबत "काल, काल" करायची. मी वहीत लिहिलं, कालपासून दुखते. गोंडीत काल म्हणजे पाय. आजीचं दुखणं दहा वर्षांचं होतं.

सिरोंचा
वर्ध्याचे भाऊजी बाजारात आले. कोथिंबिरीची जुडी उचलून भाव विचारला. बाई म्हणाली, "एडु." भाऊजी तापले, "येडू कोनाले म्हनते वो?" तेलुगूत एडु म्हणजे सात. 'रड' असाही अर्थ होतो, आणि त्यांचं तोंड पाहता तोही चालला असता.
कैरी हातात घेऊन "हे काय?" विचारलं तर उत्तर, "काय." कच्च्या फळाला तेलुगूत कायच म्हणतात. तिथं मात्र त्यांनी हात जोडले.

चंद्रपूर
आमच्याकडं अक्का म्हणजे मोठी बहीण, तेलुगूतही तेच. चालेल?

धागाकर्ता
नाही चालणार. अक्का द्राविडी भाषांतूनच मराठीत आली. शब्द एकच, अर्थही एकच. बाद.

पांढरकवडा, कोलाम पोड
वरचे सारे किस्से आमच्या बोलीवर हसण्याचे आहेत, म्हणून एक उलटा सांगतो. कोलामीतही दूध म्हणजे पालच. पहिलीत गुरुजींनी भिंतीवरच्या पालीकडे छडी करून सांगितलं, "म्हणा, पाल." आम्ही दहा-बारा पोट्टे एकमेकांकडे पाहून राह्यलो, का हे लोक हे पितात?