शाळेजवळच्या तंबाखूविक्रीची बातमी छापून येते, कारवाई होत नाही. काय चुकतं?

नदीकाठ
तालुक्यात तंबाखूमुक्त शाळांसाठी आमचा पाच-सहा जणांचा गट काम करतो. दर 31 मे रोजी, जागतिक तंबाखूविरोधी दिनी, प्रभातफेरी, शपथ आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. फाटकासमोरची टपरी मात्र जागची हलत नाही. यंदा स्थानिक पत्रकारांच्या मदतीने कोटपा 2003 या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम 6 ची, म्हणजे शाळेजवळच्या तंबाखूविक्रीवरच्या बंदीची, अंमलबजावणी करून घ्यायची आहे. माहिती कशी गोळा करावी, बातमी कशी द्यावी, आणि कुठे फसगत होते?

टेपपट्टी
आधी मोजणी. याच पायरीवर बहुतेक मोहिमा पडतात. कायद्यात अंतर 100 यार्ड आहे, म्हणजे 91.44 मीटर. सगळे सर्रास "100 मीटर" लिहितात. मग यादीतली एखादी टपरी 95 मीटरवर निघते, तेवढ्यावरून सगळी यादी खोटी ठरवली जाते आणि पत्रकार पुन्हा तुमचा फोन उचलत नाही. अंतर शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत, त्रिज्येने धरायचं. रस्त्याने चालत जाऊन येणारं अंतर नियमात बसत नाही. मोबाइलच्या नकाशावर मोजलं तरी सीमेवरच्या दुकानांना टेप लावाच. 85 ते 95 मीटरमधली दुकानं वेगळ्या कागदावर ठेवा आणि पहिल्या बातमीत घेऊ नका.

प्रत्येक दुकानासमोर एवढं लिहा: तारीख, वेळ, अंतर, काय विकलं जातं, सुट्टी सिगारेट-बिडी मिळते का (राज्यात सप्टेंबर 2020 पासून सुट्ट्या विक्रीवर बंदी आहे), आणि 18 वर्षांखालच्यांना विक्री हा गुन्हा असल्याची 60 बाय 30 सेंटिमीटरची पाटी आहे का. शाळेच्या फाटकावर 100 यार्डांचा फलक आहे का, तेही पाहा. तो नसेल तर पहिलं बोट तुमच्याकडेच वळेल, म्हणून मोजणीआधी मुख्याध्यापकांकडून लावून घ्या.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका: गेल्या तीन वर्षांत कलम 6 खाली किती कारवाया, किती दंड, वर्षवार. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्राच्या 2012 च्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत हवा. त्यात गुटख्याचा प्रश्न घुसवलात की अर्ज अडतो.

उपसंपादक_जिल्हापान
प्रभातफेरीची बातमी तंबाखू खाणाऱ्याला सांगते, की सोड. तुम्हाला अधिकाऱ्याकडून काम करून घ्यायचं आहे, तर बातमीतली मागणी त्याच्या टेबलावर जाऊन पडली पाहिजे: कोणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत. "प्रशासनाने लक्ष द्यावे" या वाक्याला कोणीच उत्तर देत नाही. जिल्हा समन्वय समितीच्या पुढच्या बैठकीत अमुक शाळांचा विषय घ्यावा, असं लिहा. तंबाखू नियंत्रणाची ही समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते.

बातमीआधी निवेदन द्या आणि आवक शिक्क्याची प्रत जपून ठेवा. वार्ताहर फोन करतो तेव्हा ठरलेलं उत्तर येतं, "तक्रार आल्यास कारवाई करू." शिक्क्याची तारीख बातमीतच असेल तर हे वाक्य बोलताच येत नाही. माझ्या मते पूर्ण मोहिमेत या एका कागदाइतकं मोलाचं काही नाही.

प्रेसनोट एक पान, युनिकोडमध्ये टाइप केलेली, दुपारी दोनच्या आत. कागदाचा फोटो काढून पाठवला तर तो पुन्हा टाइप करायला कोणाला वेळ नसतो. पहिल्या वाक्यात तुमच्या तालुक्याचा आकडा हवा, देशाचा शेवटी. सगळ्या पेपरांना एकाच वेळी द्या. 31 मे टाळा, कारण त्या दिवशी पान फेऱ्यांच्या फोटोंनी भरलेलं असतं. जूनमध्ये शाळा उघडते तो आठवडा उत्तम. आणि 15 दिवसांनी त्याच दुकानांची पुन्हा मोजणी करून दुसरी बातमी द्या. पहिल्या बातमीचा धाक आठवडाभर टिकतो, पुन्हा कोणीतरी मोजणार आहे हे कळलं की जास्त.

मिश्रीबंद
फोटोंबद्दल. बातमी शाळेजवळच्या खर्ऱ्या-माव्याची आणि चित्र पेटत्या सिगारेटचं, हे कायम होतं. गॅट्स या प्रौढांच्या तंबाखूवापराच्या 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रात तंबाखू वापरणारे प्रौढ 26.6 टक्के होते. धूरविरहित तंबाखूवाले 24.4 टक्के, ओढणारे अवघे 3.8. सिगारेटचं चित्र पाहून घरातली मिश्री लावणारी बाई आणि मळून खाणारा माणूस दोघेही म्हणतात, हे आपल्यासाठी नाही. पुड्यांच्या माळांचा फोटो काढलात तर ब्रँडचं नाव झाका, नाहीतर कंपनीची फुकट जाहिरात होते. मुलांचे चेहरे अजिबात नकोत.

कायदेही वेगळे ठेवा. गुटखा, पानमसाला, सुगंधित तंबाखू यांवरची बंदी अन्नसुरक्षा व मानके कायद्याखाली आहे. ती 2012 मध्ये आली, आदेश एक वर्षाचा असतो आणि पुढे वाढवला जातो. ते काम अन्न व औषध प्रशासनाचं. बातमीत दोन्ही मिसळले की एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं.

नदीकाठ
खूप उपयोगी. दोन शंका. पुरावा म्हणून एखाद्या मुलाला पुडी आणायला पाठवावं का? आणि "गरीब टपरीवाल्याच्या पोटावर पाय देता" याला काय म्हणायचं?

टेपपट्टी
मुलाला कधीही पाठवू नका. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 77 खाली मुलाला तंबाखू देणं हा सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंडाचा गुन्हा आहे, आणि तो घडवून आणणारे तुम्ही ठराल. दुकानात काय मांडलंय याचा फोटो आणि अंतर एवढं कलम 6 साठी पुरतं.

उपसंपादक_जिल्हापान
पोटाचा प्रश्न खरा आहे, तो उडवून लावू नका. मागणी टपरी उठवण्याची नाही. तिथे चहा, बिस्किटं, वह्या विकाव्यात, तंबाखू तेवढा नको, हे प्रेसनोटमध्येच लिहा. कलम 6 चा दंड 200 रुपयांपर्यंतच आहे, तोही या माणसालाच बसतो. म्हणून मोजणी करताना पाट्यांकडे बघा. दुकानावरचा फलक 60 बाय 45 सेंटिमीटरपेक्षा मोठा नसावा, त्यावर ब्रँडचं नाव किंवा चित्र नसावं. अख्खी टपरी कंपनीच्या रंगात रंगवलेली असेल तर ते जाहिरातबंदीचं, कलम 5 चं उल्लंघन आहे. त्याला पहिल्या गुन्ह्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड आहे. अशा टपऱ्यांची वेगळी यादी करा. ती पाटी कोणी पुरवली हा प्रश्न विचारला की बातमीचा रोख कंपनीकडे जातो.

मिश्रीबंद
आणि प्रत्येक बातमीच्या शेवटी तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या मोफत क्विटलाइनचा क्रमांक द्या: 1800-11-2356. जागा कमी पडली की उपसंपादक शेवटची ओळ कापतो, म्हणून तो वेगळ्या चौकटीत मागून घ्या.