गोल्ड कार्ड, कनेक्टिंग फ्लाइट आणि लाउंजचं दार

प्रेषक: मंजिरी
प्रति: सभासद यादी

नमस्कार मंडळी,

लाउंजबद्दल तीन शंका आहेत, जाणकारांनी सांगावं. माझ्याकडे स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाचं गोल्ड कार्ड आहे (वारंवार उडणाऱ्यांना मिळतं ते), तिकीट इकॉनॉमीचं.

१) जाताना युनायटेडने दुबई आणि तिथून पुढे एमिरेट्स. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, आणि दुसऱ्या टप्प्यालाही युनायटेडचाच फ्लाइट नंबर आहे. दुबईला गोल्डवर लाउंज मिळेल ना?
२) येताना फ्रँकफर्टला रात्री साडेदहाला उतरून पुढचं विमान सकाळी नऊला. रात्र लाउंजमध्ये काढता येईल का?
३) आई-बाबा पुढच्या महिन्यात दोघंच येताहेत. माझ्या कार्डावर त्यांना आत सोडतील का?

मंजिरी

---

प्रेषक: सुहास
प्रति: सभासद यादी
विषय: उत्तर: गोल्ड कार्ड आणि लाउंज

मंजिरीताई,

तिन्हींचं उत्तर "नाही" असंच आहे, पण कारणं वेगवेगळी आहेत आणि पहिल्या दोन्हींत थोडी वाट काढता येते.

दुबईचं आधी. लाउंजच्या दारात तिकीट कोणी विकलं हे कुणी विचारत नाही. पुढचं विमान कोण उडवतंय ते बघतात. फ्लाइट नंबर युनायटेडचा असला तरी विमान एमिरेट्सचं, आणि एमिरेट्स कुठल्याच अलायन्समध्ये नाही. म्हणून त्या टप्प्यावर तुमचं गोल्ड चालत नाही. तिकिटावर प्रत्येक टप्प्याखाली बारीक अक्षरात "ऑपरेटेड बाय" असतं, खरं उत्तर त्या ओळीत असतं. दुबईला बसायचंच असेल तर प्रायॉरिटी पास (कुठल्याही कंपनीने उडालात तरी चालणारं लाउंजचं सदस्यत्व) किंवा पैसे भरून मिळणारं लाउंज बघा.

वनवर्ल्ड या दुसऱ्या अलायन्सचा नियम याहून कडक आहे. तिथे फ्लाइट नंबरही वनवर्ल्डच्या कंपनीचा हवा आणि विमानही. म्हणजे विमान वनवर्ल्डचं पण तिकिटावर बाहेरच्या कंपनीचा कोड असेल तर सफायर (तिथलं गोल्डच्या तोडीचं) कार्डवालासुद्धा अडकू शकतो. तिकीट काढताना तेच विमान दोन-तीन नंबरांनी विकायला असतं, तेव्हा भाडं सारखं असेल तर विमान ज्याचं त्याचाच नंबर घ्यावा.

आणखी एक गल्लत नेहमी होते. भावंडं कंपन्या अलायन्समध्ये असतातच असं नाही. सिंगापूर एअरलाइन्स स्टारमध्ये आहे, स्कूट नाही. एअर इंडिया आहे, एअर इंडिया एक्स्प्रेस नाही. लुफ्तान्सा आहे, युरोविंग्ज नाही. आणि कंपन्या अलायन्स बदलतातही: स्कँडिनेव्हियाची एसएएस ३१ ऑगस्ट २०२४ ला स्टारमधून बाहेर पडली आणि दुसऱ्या दिवशी स्कायटीम या तिसऱ्या अलायन्समध्ये गेली. जुन्या माहितीवर विसंबू नका.

फ्रँकफर्टचं. स्टार गोल्डला लाउंज मिळतं ते त्याच दिवशी निघणाऱ्या, किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या आत निघणाऱ्या विमानासाठी. वनवर्ल्डमध्ये हीच मर्यादा सहाची. तुमचं विमान नऊचं, म्हणजे रात्री साडेदहाला तुम्ही नियमात बसत नाही. बारा वाजून गेल्यावर तारीख बदलते आणि कागदोपत्री हक्क येतो, पण त्या वेळी लाउंज बंद असतं. पहाटे उघडलं की मात्र निर्धास्त जा; अंघोळ आणि न्याहारी दोन्ही उरकतात. शॉवरसाठी आत शिरताक्षणी काउंटरवर नाव लावा. पहाटे लांब पल्ल्याची विमानं एकामागून एक उतरतात आणि रांग तिथेच लागते, खाण्याला नाही.

तुमचं गोल्ड नेमकं कुठल्या कंपनीच्या फ्रीक्वेंट फ्लायर प्रोग्रॅमचं आहे? ते युनायटेडच्या माइलेजप्लसचं असेल तर अजून एक मेख आहे. नुसत्या अमेरिकेतल्या अमेरिकेत प्रवासात माइलेजप्लस गोल्डला युनायटेड क्लब, म्हणजे युनायटेडचं लाउंज, मिळत नाही. टर्किश किंवा एजियनचं गोल्ड दाखवणाऱ्याला त्याच दारातून सोडतात. अमेरिकन एअरलाइन्सच्या अ‍ॅडव्हान्टेजचीही हीच तऱ्हा. घरच्यांना ओसरी आणि पाहुण्यांना माजघर, असा प्रकार. देशांतर्गत टप्पा त्याच दिवशीच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला जोडलेला असेल तर चित्र बदलतं, पण दारावरच्या स्कॅनरला फक्त पुढचा देशांतर्गत पास दिसतो आणि तो लाल दिवा दाखवतो. म्हणून आधीच्या टप्प्याचा बोर्डिंग पास फेकू नका. अ‍ॅपमधला पास विमान उतरल्यावर गायब होतो, तेव्हा स्क्रीनशॉट काढून ठेवा नाहीतर छापील घ्या.

सुहास

---

प्रेषक: अनिरुद्ध
प्रति: सभासद यादी
विषय: उत्तर: उत्तर: गोल्ड कार्ड आणि लाउंज

सुहासरावांच्या मेलला पुरवणी. कनेक्शनमध्ये हक्क असूनही लाउंज हुकतं ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे.

उतरल्यावर समोर दिसलेल्या पहिल्या लाउंजमध्ये शिरायचं नाही. आधी पासपोर्ट, सिक्युरिटी, टर्मिनल बदलणं हे सगळं उरकायचं आणि ज्या गेटवरून निघायचं त्याच्या बाजूच्या लाउंजमध्ये बसायचं. फ्रँकफर्टला हे फार स्पष्ट कळतं. तिथे ए गेट्स शेंगेनची (आपसात पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांची) आणि त्यांच्याच डोक्यावर झेड गेट्स शेंगेनबाहेरची. मधे पासपोर्ट कंट्रोल. शेंगेनबाहेरून येऊन पुढे शेंगेनमधल्याच शहरात जायचं असेल तर पासपोर्टची तपासणी फ्रँकफर्टलाच होते, शेवटच्या शहरात नाही. अलीकडच्या बाजूला तासभर आरामात बसलात आणि मग पासपोर्टची रांग बघितलीत, तर घोडं तिथेच पेंड खातं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस (युरोपची प्रवेश-निर्गमन नोंदणी) सुरू झाल्यामुळे थोड्या मुक्कामासाठी येणाऱ्या बिगर-युरोपीय पासपोर्टवाल्यांचे बोटांचे ठसे आणि फोटोही घेतात, त्यामुळे रांगेला वेळ जास्त धरा. शेंगेनबाहेरून येऊन शेंगेनबाहेरच जाणाऱ्याला हे काही नाही, सिक्युरिटी तेवढी परत लागू शकते.

लंडनच्या हीथ्रोला टर्मिनल महत्त्वाचं. टर्मिनल ३ मधून वनवर्ल्डने निघणाऱ्या सफायर किंवा त्याहून वरच्या एमराल्ड कार्डवाल्याला कॅथे, क्वांटास, ब्रिटिश एअरवेज असे पर्याय एकाच छताखाली आहेत. टर्मिनल ५ मध्ये अलायन्सची म्हणून ब्रिटिश एअरवेजचीच लाउंजं. ३ मध्ये बसून मग ५ ला जाऊ असं जमत नाही. मधे बस आणि नव्याने सिक्युरिटी आहे.

अमेरिकेत पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन, सामान घेणं, कस्टम्स, सामान परत देणं आणि टीएसए (तिथली सिक्युरिटी तपासणी), एवढं झाल्याशिवाय लाउंज नाही. बॅगेवर शेवटच्या शहराचा टॅग असला तरी ती बहुतेक वेळा पट्ट्यावरून उचलावीच लागते. तीन तासांच्या कनेक्शनमध्ये लाउंजला तास मिळाला तर भाग्य समजा.

दुसरा मुद्दा, कुठलं लाउंज. "गोल्ड आहे" म्हणजे कंपनीचं सगळ्यात चांगलं लाउंज नव्हे. सिंगापूरच्या चांगीला इकॉनॉमीतल्या स्टार गोल्डला क्रिसफ्लायर गोल्ड लाउंज, सिल्वरक्रिस बिझनेसवाल्यांसाठी. दोह्याला अल मुरजान बिझनेस क्लासचं. इकॉनॉमीतल्या सफायरने गोल्ड लाउंजला जायचं, एमराल्डने प्लॅटिनमला. लुफ्तान्साकडे उलटा फायदा: स्टार गोल्ड सेनेटर लाउंजमध्ये जातो, तर कार्ड नसलेला बिझनेस क्लासवाला शेजारच्या बिझनेस लाउंजमध्ये. चुकीच्या दारात उभं राहिलात की "नाही" ऐकू येतं आणि लोक समजतात कार्डच चालत नाही. स्टारच्या वेबसाइटवर लाउंज फाइंडरमध्ये विमानतळ, कार्ड आणि क्लास भरलं की नेमकं दार कळतं. बाहेर गोल्डचं चिन्ह आहे का तेही बघा.

आणि बिझनेसचं तिकीट काढणाऱ्यांनी भाड्याचा प्रकार वाचावा. कतारचं बिझनेस लाइट, एमिरेट्सचं बिझनेस स्पेशल, फिनएअरचं बिझनेस लाइट, यांत लाउंज नसतं. लाउंजसाठीच बिझनेस घेतलं आणि तेच नाही, असं व्हायला नको.

अनिरुद्ध

---

प्रेषक: विद्या
प्रति: सभासद यादी
विषय: उत्तर: आई-बाबांचं लाउंज

मंजिरी,

तिसऱ्या प्रश्नाचं सांगते. गोल्डवाल्याला एक पाहुणा नेता येतो, पण तो तुझ्यासोबत दारात उभा हवा आणि त्याच्याही हातात त्याच अलायन्सच्या विमानाचा बोर्डिंग पास हवा. तू घरी आणि ते विमानतळावर, तर कार्डाचा फोटो पाठवून काही होत नाही. तू बरोबर असलीस तरी एकच पाहुणा, म्हणजे आई किंवा बाबा! वनवर्ल्ड, स्कायटीमकडेही आकडा एकच.

प्रायॉरिटी पासही नावावर असतो, दुसऱ्याला देता येत नाही. पण तुझ्या क्रेडिट कार्डाचं पुरवणी कार्ड त्यांच्या नावाने काढलंस आणि त्या कार्डाच्या नियमांत पुरवणीधारकाला स्वतःचं सदस्यत्व असेल, तर ते वापरू शकतात. इथे दोन गोष्टींकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात. बँकेचं कार्ड म्हणजे प्रायॉरिटी पास नव्हे. बँकेच्या साइटवर वेगळी नोंदणी करावी लागते आणि मग क्यूआर मिळतो. ही नोंदणी निघायच्या आदल्या रात्री करू नकोस. आणि क्यूआर फोनवरच असेल तर काही विमानतळांच्या वायफायला ओटीपी लागतो, भारतातलं सिम रोमिंगवर नसेल तर तो येत नाही. म्हणून कोड आधीच उघडून, जमल्यास फोनमध्ये उतरवून ठेवावा.

प्रायॉरिटी पासची बरीच लाउंजं उड्डाणाच्या तीन तास आधीच सोडतात. पण ट्रान्झिटवाल्यांना यातून बऱ्याच ठिकाणी सूट असते. पाच तासांचं कनेक्शन असेल आणि दारातल्या माणसाने "अजून वेळ आहे" म्हटलं, तर आलेल्या विमानाचा पास दाखवून "ट्रान्झिट" एवढं सांगायचं. आई-बाबांना हे वाक्य लिहून दे. गर्दीच्या वेळी मात्र प्रायॉरिटी पासवाल्यांना सर्रास परत पाठवतात, तिथे वाद घालून उपयोग नाही. काही लाउंजांत आधी थोडे पैसे भरून जागा राखता येते, दोन ज्येष्ठ माणसांसाठी मी तेच सुचवेन.

व्हीलचेअर घेणार असतील तर हे जरूर वाच. मदतनीस त्यांना विमानाच्या दारातून थेट पुढच्या गेटला किंवा असिस्टन्सच्या बसायच्या जागेत नेतो. लाउंज त्याच्या यादीत नसतं. उतरताक्षणी, खुर्चीत बसतानाच सांगायचं की आम्हाला अमुक लाउंजला सोडा आणि इतक्या वाजता घ्यायला या. वेळ त्याच्या यंत्रावर किंवा कागदावर नोंदवून घ्यायची आणि आत गेल्यावर लाउंजच्या काउंटरवरही सांगायची. तोंडी "येतो हं" वर राहू नये, त्याची पाळी बदलते आणि पुढच्याला काही माहीत नसतं.

विद्या

---

प्रेषक: मंजिरी
प्रति: सभासद यादी

विद्याताई, सुहासराव, अनिरुद्ध, फार उपयोग झाला. गोल्ड टर्किशचं आहे. आता एकच: परतीच्या ऑनलाइन चेक-इनमध्ये लुफ्तान्साच्या पासावर गोल्डचं चिन्हच येत नाहीये. गोल्ड कार्डाचा नंबर तर तिकीट काढतानाच भरला होता.

---

प्रेषक: अनिरुद्ध
प्रति: सभासद यादी

मंजिरीताई,

नावाकडे बघा. आपल्याकडे पासपोर्टवर पहिलं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं, एजंट ते दोन्ही सलग चिकटवून टाकतो. फ्रीक्वेंट फ्लायर खात्यात मात्र नुसतं पहिलं नाव आणि आडनाव. दोन्ही जुळली नाहीत की नंबर गुपचूप गळून पडतो, कुणी कळवत नाही. खात्यातलं नाव पासपोर्टप्रमाणे करून घेणं हा कायमचा इलाज. तिकिटातलं नाव बदलायच्या भानगडीत पडू नका.

नाव जुळत असेल तर दुसरं कारण: बुकिंग एका कंपनीच्या साइटवर केलेलं असेल तर प्रत्येक कंपनीचा पीएनआर वेगळा असतो आणि नंबर एकीकडून दुसरीकडे पोहोचत नाही. लुफ्तान्साचा स्वतःचा पीएनआर शोधा, त्यांच्या साइटवर तो टाकून "मॅनेज बुकिंग"मध्ये नंबर भरा. चेक-इन झालेलं असेल तर ते रद्द करून नंबर भरून परत करा, नाहीतर जुनाच पास राहतो. नवीन पासावर तारा आणि जी उमटला की झालं. नाहीच उमटला तर टर्किशच्या अ‍ॅपमधलं कार्ड दाखवा. चालू मुदतीचं गोल्ड कार्ड आणि स्टारच्या विमानाचा पास एवढं दारात पुरतं. माइल्स दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जमा करणारेही असंच करतात.

दोन गोष्टी आत बसल्यावरच्या. बऱ्याच लाउंजांत बोर्डिंगची घोषणा करत नाहीत, गेट बदललेलं स्क्रीनवरच कळतं. आणि चांगीला टर्मिनल १, २, ३ मध्ये सिक्युरिटी गेटपाशीच असते, तिथे नेहमीपेक्षा वीसेक मिनिटं आधी उठा.

विमान रद्द झालं तर बाहेरच्या लांब रांगेत जाऊ नका. कंपनीच्या स्वतःच्या लाउंजमध्ये बहुधा सर्व्हिस डेस्क असतो, तोच तिकीट बदलून देतो. फक्त नवीन विमान कोणाचं ते लगेच विचारा. अलायन्सबाहेरच्या कंपनीवर टाकलं तर लाउंजचा हक्क तिथेच संपतो, म्हणून स्टारचाच पर्याय आहे का ते आधी बघून मग हो म्हणा.

अनिरुद्ध