हिवाळ्यात घर गरम ठेवायचं पण बिल नाई वाढवायचं, तुम्ही काय करता? अनुभव सांगा

दारव्हा तालुक्यातून

राजेहो, दोन वर्षं झाले जुनं कवेलूचं घर पाडून स्लॅबचं बांधलं. उन्हाळ्यात तापन हे माहीत होतं, पण हिवाळ्यात इतकं गार पडन हे कोणी सांगितलं नव्हतं. माय सत्तरीच्या पुढं आहे, रात्रभर पाय पोटाशी घेऊन झोपते आन सकाळी म्हणते मातीच्या घरात असं हिव कधी लागलं नाई. मागच्या डिसेंबरात दोन रॉडवाला हीटर आणला, महिनाभर चालवला, बिल आलं तसं मायनंच पिन काढून त्याला कपाटावर चढवला. आपल्याकडं सगळे लोक घर बांधते ते ४५ डिग्रीच्या हिशोबानं, दीड-दोन महिन्याच्या थंडीचा विचार कोणी करत नाई. पण ते दीड महिने मस्करीचे नसते, २०१८ च्या २९ डिसेंबरला नागपुरात ३.५ डिग्री झालं होतं, आठवते न? तर तुमच्या घरी काय जमलं, काय फसलं ते सांगा. ऐकलेलं नको, केलेलं सांगा.

दर्यापूर, खारपाणपट्टा

भाऊ, हीटरचं राहू द्या, कुलर कुठं आहे ते सांगा पहिले. आमचा खिडकीत बसवलेला, बाराही महिने तिथंच, कारण काढायला दोन माणसं लागते आन ठेवायला जागा नाई. तीन बाजूनं गवताच्या जाळ्या, म्हणजे उत्तरेच्या वाऱ्याले उघडा दरवाजाच. आम्ही दोन हिवाळे खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबत बसलो आन ह्या एवढ्या मोठ्या भगदाडाकडं कोणाचं लक्ष नाई! एका रात्री लाईन गेली, मेणबत्ती घेऊन तिकडून गेलो तर ज्योत आडवी झाली, तेव्हा टूब पेटली. दुसऱ्या दिवशी खताच्या रिकाम्या बॅगा उसवल्या, दोन पदर करून बाहेरून सुतळीनं बांधल्या, आतून जुनी चादर लावली. दाराखालच्या फटीले सायकलची फाटकी ट्यूब कापून ठोकली. पैसे लागले ते फक्त चुकांचे. पहिल्याच रात्री फरक कळला.

बाभूळगाव, लाईट फिटिंगचं काम करतो

हिशोबच सांगतो. २००० वॅटचा हीटर एक तास म्हणजे २ युनिट, रात्री चार तास लावला तर ८, महिन्याचे २४०. आन १०० युनिटाच्या वर गेलं की पुढच्या युनिटचा दरच चढते, म्हणून युनिट दुप्पट झाले तर बिल दुपटीच्याही वर जाते. पण खरं सांगू का, मी पाहिलेल्या कितीतरी घरी चोर हीटर नसतेच, पाण्याचा रॉड असते. २० लिटरची बादली १५ डिग्रीवरून ४५ वर न्यायची तर पाऊण युनिटच्या आसपास जाते. घरात पाच जण, म्हणजे महिन्याचे शंभरच्या वर निव्वळ आंघोळीचे. त्यातही लोक रॉड टाकून गोठ्यात शेण काढायले जाते, पाणी उकळून राहिलं, मग त्यात गार पाणी ओतते आन उरलेलं तसंच थंड होते. आम्ही माळ्यावरून तांब्याचा बंब खाली काढला, कल्हई करून घेतली, पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडाचे, बुडखे टाकतो, पाच जणांची आंघोळ त्यात. हीटर लावायचाच असन तर एकच रॉड, झोपायच्या आधी अर्धा तास, दार लावून, आन मग बंद. अजून एक, पाण्यात रॉड असताना बोट घालून पाहू नका. पिन काढा, मग पाहा.

अर्जुनी मोरगाव, गोंदिया जिल्हा

आमचा धानाचा भाग आणि थंडी म्हणाल तर पेपरात विदर्भातला सगळ्यात कमी पारा म्हणून आमच्याच जिल्ह्याचं नाव बऱ्याचदा येते. सासूबाई दरवर्षी मळणी झाली की नवीन तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, एक भारा बाजूला काढून ठेवतात, दोन दिवस कडक उन्हात वाळवतात, पोत्यात सैलसर भरतात आणि फरशीवर अंथरतात, त्यावर सतरंजी, त्यावर गादी. लग्न होऊन आले तेव्हा मला लाजच वाटली, टाइल्सच्या घरात तणस, माहेरचे आले तर काय म्हणतील! पहिल्याच डिसेंबरात फोमची गादी उचलून मीच गुपचूप पोत्यांवर नेऊन टाकली. थंडी वरून कमी आणि खालून जास्त येते, टाइल्स तर सगळी ऊब ओढून घेतात. फक्त पंधरा दिवसांनी तणस बदलायचं, दमट झालं की वास येतो, उंदीर येतात, एकदा विंचू निघाला. तेव्हापासून रोज संध्याकाळी पोती उचलून झटकते, त्याचा आळस केला नाही अजून.

कारंजा, रिटायर मास्तर

डिसेंबरात दुपारी बाराचा सूर्य आपल्याकडे डोक्यावर नसतो, दक्षिणेला झुकलेला असतो, क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट आत फरशीवर येतं, फुकटचा हीटर. आमच्याकडे लोक करतात उलटं. सकाळी सहाला हवा खेळती राहावी म्हणून सगळं उघडतात आणि दुपारी धूळ येते म्हणून बंद करतात. मी अकरा ते चार दक्षिणेच्या खिडक्या सताड उघड्या ठेवतो, पडदे बाजूला, गाद्यासुद्धा त्याच उन्हात, आणि साडेचारला सगळं गच्च बंद, ऊन उतरायच्या आधी. उशीर केला तर काही उपयोग नाही. पण वास्तूच्या नादात कित्येकांनी दक्षिणेची भिंत आंधळीच बांधलेली असते, त्यांना काय सांगायचं?

स्लॅबचं म्हणाल तर ढगाळ रात्री थंडी कमी असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. आभाळ मोकळं असलं की स्लॅब दिवसभराची ऊब रात्री वर सोडून देतो आणि पहाटे खालच्या माणसाला गारठवतो. तुमच्या मातोश्री ज्या खोलीत झोपतात तेवढ्याच भागावर कुटाराची, म्हणजे मळणीत उरलेल्या भुशाची, पोती रचून वर ताडपत्री टाकून पाहा. वजन जास्त नाही, आणि कुटारही भिजत नाही. मी तीन वर्षांपासून करतो. शेजारी हसले, मग त्यांच्याही स्लॅबवर पोती दिसली.

वणीच्या बाजूचं एक खेडं

मी फसलेलं सांगतो, लाज वाटते पण सांगतो. पऱ्हाटी फटकन पेटते आन फटकन विझते, तिचा निखारा टिकत नाई, म्हणून बाभळीच्या बुंध्याचे निखारे घमेल्यात भरून रात्री खोलीत घेतले. धूर नव्हता, म्हणून वाटलं काही होत नाई. दार बंद, खिडकी बंद, फटीले बोरे म्हणजे पोते लावलेले. रात्री अडीचच्या सुमारास लहान पोरगी रडली, बायको उठली तर तिले चक्कर, मले डोकं फुटन असं दुखू रायलं आन उलटी. कसंतरी दार उघडलं, सगळे अंगणात येऊन बसलो, थंडीत कुडकुडत, पण जिवंत. डॉक्टरनं सांगितलं की निखाऱ्यातून जो विषारी वायू निघते त्याले वासही नसते आन रंगही नसते, पोरगी रडली नसती तर सकाळी कोणीच उठलं नसतं. आता शेकोटी बाहेर, अंगणात, हातपाय शेकायचे आन आत येऊन झोपायचं. वर कोणी फटी बुजवा म्हटलं, बरोबर आहे, पण फटी बुजवलेल्या खोलीत विस्तव नेऊ नका राजेहो.

पुसदकडून, टिनाचं घर

आमच्याकडं पहाटे टिनातून पाणी टपकते, पाऊस नाई काही नाई. घरातला ओलावा गार टिनाले लागून त्याचं पाणी होते. तुराट्यांचा ताटवा करून टिनाच्या एक हात खाली बांधला, त्यावर बारदाना. टपकणं थांबलं, ऊबही राहते. पाली लय झाल्या, ते एक.

हिंगणघाट

कापसाच्या गावात राहून बाजारातले चकाचक ब्लँकेट घेता काय? फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी ठेवून निघालेला, कवडी (डागी) कापूस कोणी घेत नाई न, तो घरात ठेवा, पिंजाऱ्याकडून पिंजून चार किलोची रजई करा. जुनी असन तर दर दोन वर्षांनी पिंजून घ्या, कापूस दबला की ऊब गेली. रोज दुपारी उन्हात टाका. बाकी सगळं नंतर. (फरदड ठेवू नये म्हणते कृषीवाले, बोंडअळी वाढते, ते खरंच आहे, २०१७ आम्ही भोगलं. मी आता ठेवत नाई, रजया त्याच्या आधीच्या आहेत.)

धामणगाव रेल्वे

ठिबकची १६ एमएमची साधी नळी उरली होती, ड्रिपर नसलेली, १०० मीटरचं बंडल. स्लॅबवर उन्हात टाकलं, पाणी भरून तोंडं बंद केली. दुपारी तीनले पाणी चांगलं कोमट मिळते. पण १०० मीटरमध्ये मावते किती, जेमतेम १४-१५ लिटर, एक बादली. मले वाटलं होतं सगळ्या घराची आंघोळ होईन. बायकोनं भांडे घासायले घेतली ती बादली, तिचे हात आता फुटत नाई. म्हणजे फसलं असंही म्हणता येत नाई.

मंगरुळपीर, कोंबड्या आणि बकऱ्या

पिल्लांसाठी १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लागते, दहा तासाले एक युनिट. पोरगा हुशारीनं एलईडी लावून आला, उजेड भरपूर, ऊब शून्य, सकाळी सात पिल्लं गेलेली.

आर्णी

घर गरम करून काय करू, ओलिताले रात्रीची लाईन असली की हरभऱ्याच्या पाण्यात उभं राहायचं असते. दोनले घरी येतो तेव्हा बाई रबरी पिशवीत गरम पाणी भरून गोधडीत ठेवून देते, हीटर वगैरे काही नाई, पाय तिथं टेकले की झोप. यंदा सौर पंप बसला, आता ओलित दिवसा. पिशवी तरी ठेवते ती, सवय झाली म्हणते.

पुन्हा दारव्हा तालुक्यातून

सगळ्यांचं वाचलं, मायले पण वाचून दाखवलं. मास्तरांची पोती स्लॅबवर चढवली, नऊ लागली, तुरीचं कुटार. रॉड बंद करून मोठा बंब पेटवला, पोट्टे खुश आहेत, त्यांना लाकडं टाकायची ड्युटी दिली. रबरी पिशवी मायले आवडली नाई, म्हणते विटकर गरम करून फडक्यात बांधून दे, आम्ही तेच करत होतो. दिली. दर्यापूरवाल्या भाऊंचं सगळ्यात पहिले करायचं होतं, मेणबत्ती नेली तर आमचीही ज्योत आडवी. कुलर काढायले काल दोघं जण लागलो, मागची जाळी उघडली तर आत मांजरीनं चार पिल्लं घातलेली, डोळे पण उघडले नाई अजून. माय म्हणे हात लावू नको. आता पंधरा दिवस कुलर जागीच, बाहेरून अर्ध्यावर बॅगा बांधल्या आन मांजरीपुरती खालून जागा ठेवली.