ब्रदर्स करामाझोव : मठातच अडकलोय, पुढचं गाळलं तर चालेल का?

निशाचर:
दोस्तोयेव्स्कीचं ब्रदर्स करामाझोव घेतलंय वाचायला पण शंभरेक पानांतच गाडी अडकलीये. बाप फ्योदोर एक नंबरचा नालायक, मठात जाऊनही नको ते चाळे करतो, तिथपर्यंत मजा आली, पण मग चर्च मोठं की कोर्ट यावर जे सुरू होतं ते संपतच नाही. त्यात थोरला मुलगा दिमित्री म्हणजेच मित्या हे कळायलाच वेळ गेला. खून होतो तरी कधी?

सांजवात:
खून आठव्या भागात, एकूण भाग बारा, म्हणजे धीर धरा. गाळू नका, चर्चा भराभर वाचा पण पैशावर नजर ठेवा. मित्या म्हणतो आईची इस्टेट बापाने गिळली, बाप म्हणतो तुझा हिशोब कधीच चुकता झालाय, वर दोघांचाही जीव त्या ग्रुशेंकावर. बापाने तिच्यासाठी तीन हजार रुबल पाकिटात घालून ठेवलेत आणि मित्याला त्याच्या वाग्दत्त वधूचे, कातेरीनाचे, फेडायचेत तेही तीनच हजार. सरकारी वकील पुढे हेच धरून बसतो.

कोकणी_मेवा:
माझ्यासाठी खरं पुस्तक इल्युशा या शाळकरी पोराचं. मित्या त्याच्या बापाला, म्हणजे एका गरीब कॅप्टनला, दाढी धरून भर रस्त्यात ओढतो. मग मित्याचा धाकटा भाऊ अल्योशा भरपाई म्हणून दोनशे रुबल घेऊन जातो, कॅप्टन आधी हरखतो, बायकोचं औषधपाणी, मुलीचं शिक्षण सगळं ठरवून टाकतो, आणि अचानक त्याच नोटा चुरगाळून पायाखाली तुडवतो, कारण पैसे घेतले तर पोराला काय तोंड दाखवणार. दोस्तोयेव्स्कीचा स्वतःचा अल्योशा नावाचा छोटा मुलगा १८७८ मध्ये गेला आणि १८७९ पासून ही कादंबरी मासिकात छापून यायला लागली, ते माहीत असलं की ही पानं फार जड जातात.

उनाड_पक्षी:
सगळे मधला भाऊ इवान सांगतो त्या ग्रँड इन्क्विझिटरच्या गोष्टीचं कौतुक करतात, मला त्याच्या आधीचं प्रकरण जास्त लागलं. इवान सांगतो, एका जनरलने आठ वर्षांच्या पोरावर आईच्या डोळ्यांदेखत शिकारी कुत्रे सोडले, याचं काय करायचं बोल, आणि मठातला तो साधाभोळा अल्योशा पटकन म्हणून जातो की गोळी घाला. चर्च-कोर्टवाली चर्चा गाळलीत तरी चालेल (सांजवात, सॉरी) पण हे नको.

निशाचर:
बरं, आज रात्री परत धरतो. सुरुवातीच्या पात्रांच्या यादीत तो स्मेर्द्याकोव आचारी आहे, त्याच्याबद्दल कुणीच काही बोललं नाही?

सांजवात:
मुद्दामच 😄