सोळा वर्षांच्या मुलाला देव मानायचा की नाही, ते ठरवू द्यावं का?

फोंड्याची आई: माझा मुलगा सोळाचा. यंदा गणेशचवथीला पूजेला बसणार नाही, असं त्यानं आधीच शांतपणे सांगितलं. देव मानत नाही म्हणाला. पण माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांच्या सजावटीसाठी, कांगलां, माट्टी, घागऱ्यो आणायला तोच रानात गेला, आरतीला घुमट हे मातीचं वाद्यही त्यानंच वाजवलं. हात मात्र जोडले नाहीत. मोठे दीर जेवताना त्याच्याशी बोललेच नाहीत. जबरदस्तीनं जोडायला लावलेल्या हातांतून मूल फक्त खोटं वागायला शिकतं. मी त्याला मोकळीक देणार.

पेडण्याचे काका: ताई, दिरांचं काय चुकलं? पोर्तुगिजांच्या जाचापायी कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. जिवावर उदार होऊन माणसांनी देव वाचवले. कुळदेव हा आवडीनिवडीचा विषय नव्हे. दहावीनंतरची शाखासुद्धा आपण मुलांना एकट्यानं ठरवू देत नाही! मोबाइलवर चार व्हिडिओ बघून झालेलं मत उद्या बदलेल. तोवर बसावं पूजेला.

म्हापसेकर: काका, त्याच काळातलं आणखी एक. १५५९च्या पोर्तुगालच्या राजाज्ञेनं इथली पोरकी हिंदू मुलं नातेवाइकांकडून काढून घेऊन त्यांना बाप्तिस्मा द्यायचे. मुलाचा धर्म दुसऱ्यानं ठरवला याची चीड आपल्याला अजून आहे. मग घरात तेच कसं चालतं?

पेडण्याचे काका: हे वाचून वाईट वाटलं. मुलं हिरावणारे परके होते. आपल्या लेकरावर संस्कार करण्याचा घरच्यांचा हक्कच तर त्यांनी मोडला.

मडगावची शिक्षिका: काकांचं बरोबर आहे, ती तुलना ताणलेली होती. सरकारमान्य शाळेत धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही, पण मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकांची, असं घटनेचं कलम २८ सांगतं. म्हणजे कायद्यानंही शब्द पालकांचाच. मात्र भारतानं १९९२मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क करारात, पालकांनी मुलाच्या वाढत्या समजेप्रमाणे वाट दाखवावी, असं आहे. सहा वर्षांच्या पोराला बोट धरून देवळात न्यावं, सोळाव्या वर्षी विचारावं. पण ताई, नाकारायचं ते त्याला नीट ठाऊक हवं.

फोंड्याची आई: ठाऊक आहे. आरत्या तोंडपाठ आहेत, घुमट आजोबांनी शिकवलं. पुढच्या चवथीला पूजेला धाकटा पुतण्या बसेल, त्याला मनापासून हौस आहे. दिरांना तसं सांगून झालंय.

पेडण्याचे काका: बसू दे पुतण्याला. पण विसर्जनाला मूर्तीला खांदा द्यायला तुमचा मुलगा येणार का, हे आत्ताच विचारून ठेवा.