ठाण्यात बुटांसाठी नीट बसणारे शू ट्री कुठे मिळतील? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला राहतो. माझ्याकडे काळे ऑक्सफर्ड आणि तपकिरी ब्रोग असे चांगल्या चामड्याच्या बुटांचे दोन जोड आहेत, दोन्ही यूके ८, पंजा जरा रुंद. दिवसभर घातल्यावर आतून दमट होतात, आणि आपल्याकडचा पावसाळा तर माहीतच आहे; कपाट बंद राहिलं की पांढरी बुरशी धरलीच. म्हणून साध्या, पॉलिश न केलेल्या सीडर लाकडाचे शू ट्री (बुटांचा आकार टिकावा म्हणून आत घालून ठेवायचे साचे) हवेत. वॉर्निश मारलेलं लाकूड ओल शोषत नाही, त्यामुळे ते नकोत.

खरी अडचण मापाची आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच शू ट्रींना टाचेकडे लहानसा गोळा असतो. स्प्रिंगचा सगळा जोर त्या एकाच ठिकाणी येतो आणि टाचेमागचं चामडं बाहेर फुगतं. मला टाचेचा भाग भरीव हवा आणि पुढचा भाग मधोमध चिरलेला, म्हणजे तो रुंदीला पसरून सुरकुत्या सरळ करतो. गोखले रोड, राम मारुती रोडवर विचारलं तर प्लास्टिकचेच दाखवतात.

ठाणे, वाशी किंवा नेरूळमध्ये बूट सोबत नेऊन घालून बघू देणारं दुकान कुणाला माहीत आहे का? नाहीतर मुंबईत चेंबूरजवळच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत बुटांचे लाकडी साचे करणारं कुणी असे बनवून देईल का? दोन जोडांचे मिळून चार-पाच हजार द्यायची तयारी आहे. रुंद पंजाच्या बुटांना कुठल्या कंपनीचे, कुठल्या मापाचे बसले, तेही जरूर लिहा.